मुरवलेले की गाळलेले?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सुक्यामेव्याच्या स्वादाच्या मद्यांविषयी अर्ध्या पानाचा लेख आला आहे. लेखकाने विषय आवडीने मांडला आहे आणि इटलीतल्या लहान गावांची वर्णनेही वाचनीय आहेत. तरी लेखाच्या शेवटी दिलेल्या चौकटीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या चौकटीत काजूपासून काजू फेणी, बदामापासून अमारेत्तो, अक्रोडापासून नोचिनो आणि हेझलनटपासून फ्रांजेलिको अशा चार जोड्या छापल्या आहेत. यातील पहिली चूक आहे, दुसरी बहुतांशी चूक आहे, तिसरी अपुरी आहे आणि चौथी तेवढी बरोबर आहे. मी वेंगुर्ले तालुक्यात काजूच्या बागेत लहानाची मोठी झाले आणि पुढे आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले, परंतु एवढ्यावरून मी हे पत्र लिहिले नसते. अशा चौकटींची कात्रणे ठेवली जातात, त्यांची छायाचित्रे मोबाइलवरून नातेवाइकांना पाठवली जातात, आणि ज्या घरात कुणाला अक्रोडाची किंवा काजूची अ‍ॅलर्जी असते त्या घरात त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीइतक्या गंभीरपणे वाचल्या जातात. आमचे घर त्यांपैकी एक आहे, म्हणून हा विस्तार. मी स्वतः मद्य घेत नाही आणि कुणी घ्यावे असेही मला सुचवायचे नाही.

प्रथम फेणीविषयी. काजू फेणीत काजूगर वापरलाच जात नाही. आपण ज्याला बोंडू म्हणतो तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ नसून फुगलेला देठ आहे. खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी बी, आणि आपण खातो तो काजूगर त्या बीच्या आत असतो. फेणी होते ती बोंडूच्या रसाची. गोव्यात मार्च ते मे या हंगामात पिकून खाली गळलेले बोंडू वेचतात, पिरगाळून बी वेगळी काढतात, बोंडू कातळात कोरलेल्या कुंडात पायांनी तुडवतात आणि निघालेला रस काही दिवस आंबू देतात. तो भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, उकळून त्याची वाफ थंड केली की प्रथम उर्राक मिळते आणि पुन्हा गाळल्यावर फेणी. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते या फेणीला. बी वेगळी काढण्याचे कारण केवळ ती महाग विकली जाते एवढेच नाही. बीच्या कवचात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असलेले दाहक तेल असते. लहानपणी अंगणात बिया भाजताना ते तेल उडून आमच्या हातागालांवर फोड आलेले आहेत, आणि बिया फोडणाऱ्या बायका हातांना राख किंवा तेल लावल्याशिवाय कामाला बसत नसत. असे कवच रसात तुडवले गेले तर तो रस कुणी तोंडात घेऊ शकणार नाही.

माडाच्या फेणीची गोष्टही अशीच आहे. ती नारळाच्या खोबऱ्यापासून होत नाही, माडाच्या कोवळ्या पोयीला, म्हणजे फुलोऱ्याला, छेद देऊन उतरवलेल्या माडीपासून होते. म्हणजे गोव्याच्या दोन्ही फेण्या अशा झाडांच्या आहेत की ज्यांची कवचाची फळे जगभर जातात, आणि दोन्हींत त्या फळाचा गर नसतो. आपल्या लेखकाला आपल्या मातीतले एक उदाहरण द्यायचे होते हे मी समजू शकते, पण या विषयात ते बसत नाही.

बसत नाही याला मुळातच एक कारण आहे, आणि ते लेखात यायला हवे होते. दारू होण्यासाठी यीस्टला साखर लागते. बोंडूत, द्राक्षात, मोहाच्या फुलात ती भरपूर असते. तांदूळ आणि जव यांत स्टार्च असतो, त्याची साखर करून घेता येते. बहुतेक कवचाच्या फळांनी मात्र आपली शिदोरी तेलाच्या रूपाने साठवलेली असते. अक्रोडाच्या गरात वजनाच्या जवळजवळ दोनतृतीयांश तेल असते, हेझलनटमध्ये साधारण साठ टक्के आणि बदामात निम्म्याच्या आसपास. तेलापासून यीस्टला दारू करता येत नाही, म्हणून अक्रोड किंवा बदाम आंबवून त्याची दारू करण्याची रीत कुठे रुजली नाही. जगात जी जी मद्ये या फळांच्या स्वादाची म्हणून विकली जातात, त्यांत मद्यार्क दुसऱ्याच कशाचा तरी असतो, बीटच्या साखरेचा, धान्याचा किंवा द्राक्षाचा. फळाकडून घेतलेला असतो तो फक्त स्वाद.

हा स्वाद घेण्याच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. एक म्हणजे फळ किंवा गर मद्यार्कात आठवडे, महिने ठेवून मुरवणे आणि मग तो द्रव कापडातून किंवा कागदातून गाळून घेणे. दुसरी म्हणजे मुरवलेला द्रव पुन्हा भट्टीवर चढवून त्याची वाफ थंड करून घेणे, ज्याला शाळेच्या पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणतात आणि व्यवहारात दारू गाळणे. या दुसऱ्या वाटेने गेल्यास तेल खाली भांड्यात राहते आणि सुवासिक, उडून जाणारी द्रव्ये वर येतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हेझलनटपासून जे ‘गाइस्ट’ नावाचे बिनसाखरेचे मद्य करतात ते असेच असते: भाजलेले हेझलनट मद्यार्कात मुरवायचे आणि मग सगळे गाळायचे. युरोपीय महासंघाच्या २०१९ च्या नियमात गाइस्ट या प्रकारासाठी मद्यार्काचे प्रमाण किमान ३७.५ टक्के ठरवलेले आहे.

मराठीत या दोन्ही क्रियांना आपण ‘गाळणे’ म्हणतो, हे कृपया लक्षात ठेवावे. चहा गाळतो तेही गाळणे आणि भट्टीची दारू गाळतात तेही गाळणे. या एका शब्दाने आमच्या घरावर काय प्रसंग आणला ते पुढे सांगते.

भाषेची दुसरी अडचण ‘लिकर’ या शब्दाची आहे. आपल्या लेखात दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांसाठी हा एकच शब्द वापरला आहे. एका शब्दाचा अर्थ कोणतेही कडक मद्य असा आहे. दुसरा, ज्याला लिक्युअर असे लिहिणे बरे, तो मद्यार्कात साखर आणि स्वाद घालून केलेल्या गोड पेयापुरता आहे. युरोपीय नियमाप्रमाणे लिक्युअरमध्ये सर्वसाधारणपणे लीटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि किमान १५ टक्के मद्यार्क असावा लागतो. चौकटीतील चारांपैकी तीन लिक्युअर आहेत आणि फेणी नाही.

आता अमारेत्तो. या नावाचा अर्थ ‘किंचित कडू’ असा आहे, बदाम असा नाही. मिलानच्या जवळ असलेल्या सारोन्नो या गावाशी ते जोडलेले आहे. तेथील देवळात १५२५ मध्ये चित्र काढणारा बेर्नार्दिनो लुईनी आणि त्याला हे पेय भेट देणारी खाणावळीची मालकीण यांची दंतकथा आपल्या लेखात आली आहेच, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच की या गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध बाटलीत बदाम नसतो, असे ती बनवणारी कंपनी स्वतः सांगते. बदामासारखा तो वास जर्दाळूच्या बीतल्या गराचा असतो. आपल्याकडे ज्यांच्या घरी भिजवलेले जर्दाळू खाऊन झाल्यावर त्याची आठळी वरवंट्याने फोडून आतला ‘बदाम’ मुलांना वाटून देत, त्यांना यात नवल वाटणार नाही. तो बदाम नसतो, पण चव बदामाचीच असते, आणि मधूनच एखादा इतका कडू निघतो की थुंकून टाकावा लागतो.

या कडूपणाचे रसायनशास्त्र मी अनेक वर्षे वर्गात सांगितले आहे, म्हणून थोडे अधिक लिहिते. कडू बदाम, जर्दाळू, पीच, चेरी यांच्या बियांत अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते; १८३० मध्ये रोबिके आणि बुत्रों-शार्लार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कडू बदामातून वेगळे केले. १८३७ मध्ये लीबिग आणि व्होलर या जर्मन जोडीने दाखवून दिले की बी चेचून ओली केली की तिच्यातलेच एक विकर (एन्झाइम) अमिग्डालिनचे विघटन करते आणि त्यातून साखर, बेन्झाल्डिहाइड आणि हायड्रोसायनिक आम्ल अशा तीन गोष्टी निघतात. बेन्झाल्डिहाइड म्हणजे तो गोडसर ‘बदामी’ वास. हायड्रोसायनिक आम्ल म्हणजे सायनाइडचे विष. आपण रोज खातो त्या गोड बदामात अमिग्डालिन नगण्य असते, म्हणूनच त्याला तो उग्र वासही नसतो. ज्या वासाला जग बदामाचा वास म्हणते तो खरे तर कडू बदामाचा आणि त्याच्या भाऊबंद आठळ्यांचा वास आहे. कारखान्यात हे विष काढून टाकलेला अर्क वापरतात, आणि युरोपीय महासंघाच्या स्वादद्रव्यांविषयीच्या २००८ च्या नियमाने मद्यातील हायड्रोसायनिक आम्लाला किलोमागे ३५ मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. आपल्या लेखात घरच्या घरी जर्दाळूच्या बिया वोडकात मुरवून पाहण्याची सूचना एका ओळीत केली आहे. ती ओळ मला सर्वांत अधिक खटकली. कडू बी कोणती आणि गोड कोणती हे बाहेरून कळत नाही, आणि मुरवताना विष कुठे उडूनही जात नाही. ही सूचना कृपया मागे घ्यावी.

फ्रान्समध्ये ‘क्रेम द नोयो’ नावाचे जे लिक्युअर होते त्याचीही कहाणी हीच आहे. फ्रेंचमध्ये नोयो म्हणजे आठळी आणि नुआ म्हणजे अक्रोड. दोन शब्दांत कानाला फार अंतर नाही, पण पॅरिसजवळच्या प्वासीचे नोयो आठळ्यांच्या गरापासून होते, अक्रोडापासून नाही. उलट पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह प्रांतात कडू बदामाचे म्हणून जे लिक्युअर देतात ते त्या प्रांतातल्या बदामाच्या बागांमधूनच आलेले आहे. अमारेत्तो या नावाखाली विकणाऱ्या सगळ्याच उत्पादकांची कृती एक नाही आणि काहीजण बदाम वापरतातही. तेव्हा ‘अमारेत्तो म्हणजे बदाम’ हे जसे चूक आहे तसे ‘अमारेत्तो म्हणजे बदाम नाहीच’ असे चौकटीत छापणेही चूक ठरेल. प्रत्येक बाटलीवरचा मजकूर वाचणे एवढाच उपाय उरतो.

नोचिनोविषयी मात्र मला मनापासून लिहावेसे वाटते, कारण या सगळ्या पेयांत तेच एक असे आहे की ज्याची कृती वाचताना मला आमच्या परसातल्या लोणच्याच्या बरण्या आठवतात. आपल्या चौकटीत ‘अक्रोडापासून’ असे लिहिल्याने वाचकाला वाण्याकडे मिळणारा, कवच फोडून काढलेला कोरडा अक्रोड डोळ्यांसमोर येईल. नोचिनो होते ते हिरव्या, कोवळ्या, अख्ख्या अक्रोडाचे, सालीसकट. बाठा न धरलेल्या कैरीचे जसे लोणचे घालतात, तसे आत कवच टणक होण्यापूर्वीचे हे फळ असते. त्यातून सुई आरपार जाते की नाही हे पाहून ते निवडतात. इटलीच्या मोदेना परिसरात ही फळे सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, म्हणजे २४ जूनच्या आसपास उतरवण्याची प्रथा आहे. जुन्या समजुतीप्रमाणे बायकांनी अनवाणी झाडावर चढून फळे तोडायची, लोखंड लावायचे नाही आणि फळांची संख्या विषम ठेवायची. स्पिलाम्बेर्तो या गावात १९७८ पासून या नोचिनोची परंपरा जपणारे एक मंडळ आहे. त्यांच्या रीतीत साधारण एक किलो, म्हणजे तेहतीस ते पस्तीस हिरवे अक्रोड, ९५ टक्क्यांचा एक लीटर मद्यार्क आणि सातशे ते नऊशे ग्रॅम साखर घेतात. फळांच्या चार फोडी करतात, काचेच्या बरणीत साखरेबरोबर उन्हाला ठेवतात, नंतर मद्यार्क ओततात, आणि दोन महिन्यांनी गाळून पुढे कित्येक महिने तसेच मुरू देतात. चिरताना पांढरट असलेल्या फोडी हवा लागताच काळवंडतात, हात दिवसचे दिवस काळे राहतात, आणि बरणीतला हिरवा द्रव पाहता पाहता कॉफीसारखा काळा होतो. काश्मीरमध्ये अक्रोडाची हिरवी साल सोलणाऱ्यांचे हात असेच काळे झालेले असतात. कारण एकच आहे, सालीतील जुग्लोन आणि टॅनिन ही डाग पाडणारी द्रव्ये. स्लोव्हेनियात याच पेयाला ओरेहोवेत्स म्हणतात आणि युरोपीय नियमात ही दोन्ही नावे एकत्र आहेत: हिरव्या अक्रोडातून घेतलेला स्वाद, किमान ३० टक्के मद्यार्क.

हे सारे सांगण्याचे कारण असे की नोचिनो परंपरेने मुरवले जाते आणि कापडातून गाळले जाते. भट्टीवर ते चढत नाही. म्हणून ज्याला अशी कवचाची फळे चालत नाहीत त्याच्या दृष्टीने नोचिनो आणि हेझलनटचा गाइस्ट या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत.

फ्रांजेलिकोची जोडी आपण बरोबर दिली आहे. ते इटलीच्या पिएमोंते प्रांतातले असून हेझलनट भाजून, मद्यार्कात मुरवून, त्यात व्हॅनिला, कोको इत्यादींचे अर्क मिसळून ते करतात. बाटलीला मठातल्या साधूचा आकार आणि कमरेला दोरी असते, हे आपल्या छायाचित्रात आलेच आहे.

आता आमच्या घरचा प्रसंग. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला लहानपणापासून अक्रोडाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आम्ही सर्वजण पुण्यातील एका उपाहारगृहात जेवायला गेलो होतो. त्या उपाहारगृहाचे नाव मी लिहीत नाही, कारण तेथील मंडळींनी नंतर जी धावपळ केली ती मी विसरलेले नाही. जेवणाच्या शेवटी कॉफीचा केक मागवताना बहिणीने नेहमीप्रमाणे विचारले, “यात अक्रोड, काजू, बदाम काही आहे का?” वाढणारा मुलगा आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, “नाही ताई, फक्त थोडी रम आहे.” भाचा रम घेत नाही, पण केकमध्ये असलेली चमचाभर चालेल असे सर्वांनी ठरवले. तीन-चार घास खाल्ल्यावर त्याचे ओठ सुजू लागले, मग घशात दाटल्यासारखे झाले आणि श्वासाला शिट्टी लागली. बहिणीच्या पर्समध्ये अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन नेहमी असते, म्हणून ते तत्काळ देता आले, आणि रुग्णालयात रात्रभर ठेवल्यानंतर सकाळी तो बरा होऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तेव्हा तेथील आचाऱ्याने सगळे खरे सांगितले. केक भिजवण्यासाठी वापरलेल्या रममध्ये त्यांनी स्वतः भाजलेले अक्रोड तीन आठवडे मुरवले होते. “पण आम्ही अक्रोड गाळून काढले होते, एक तुकडाही राहिला नव्हता,” असे तो कळवळून म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. अ‍ॅलर्जी होते ती गरातल्या प्रथिनांमुळे. तुकडे काढून टाकले तरी काही प्रथिने आणि डोळ्यांना न दिसणारे कण त्या द्रवात उतरलेले असतात आणि कापडाला ते अडवता येत नाहीत. तीच रम भट्टीतून गाळली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, कारण प्रथिने वाफेबरोबर वर जात नाहीत. आचाऱ्याने ‘गाळले’ हा शब्द एका अर्थाने वापरला. हे त्याने आधीच सांगितले असते आणि आमच्या मनात मद्याच्या संदर्भात तो दुसऱ्या अर्थाने असता, तर आम्हीही फसलो असतो. अर्थात भट्टीतून गाळलेल्या मद्यात पुढे पुन्हा अर्क, पेस्ट किंवा साय मिसळली असेल तर तेही सुरक्षित राहत नाही, आणि कुणाला काय चालेल हे शेवटी त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचे असते.

युरोपीय महासंघाने हा फरक कायद्यात धरलेला आहे. खाद्यपदार्थांच्या माहितीविषयीच्या २०११ च्या नियमात बदाम, हेझलनट, अक्रोड, काजू, पिस्ता इत्यादी कवचफळांचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. मात्र भट्टीतून गाळलेले मद्य तयार करण्यासाठी वापरलेल्या कवचफळांना त्यातून सूट आहे. मुरवलेल्या मद्यांना ती सूट नाही. आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या वेष्टन आणि प्रदर्शनाविषयीच्या २०२० च्या नियमांत शेंगदाणे आणि कवचफळे अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहेत. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा त्याहून अधिक ठिकाणी चालणाऱ्या उपाहारगृहांनी मेनूकार्डाबरोबर अ‍ॅलर्जीची माहिती द्यावी असेही त्यात सांगितले आहे. आम्ही जेथे जेवलो ते एकाच ठिकाणचे, कौटुंबिक उपाहारगृह होते. आणि खरे सांगायचे तर घरी मुरवलेल्या मद्यांचा प्रयोग अशाच लहान, हौशी ठिकाणी अधिक होतो. काजू, बदाम, अक्रोड, नारळ, काय हवे ते रममध्ये किंवा व्हिस्कीत घालून बरण्या काउंटरवर ओळीने मांडलेल्या मी नंतर दोन ठिकाणी पाहिल्या. त्यांतील एकाही बरणीवर आत काय आहे याची चिठ्ठी नव्हती. हा नियम लहान उपाहारगृहांनाही, निदान मुरवलेल्या मद्यांपुरता, लागू व्हावा अशी माझी प्राधिकरणाला विनंती आहे. एका बरणीला एक चिठ्ठी चिकटवण्यास काही खर्च येत नाही.

आणि मराठी बोलणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. इंग्रजीत या सर्व फळांना मिळून एक शब्द आहे, आपल्याकडे नाही. सुकामेवा म्हटले की त्यात मनुका, खारीक, अंजीर हेही येतात. कवचफळ हा शब्द पाठ्यपुस्तकात राहतो. कोकणात बदाम म्हटले तर रस्त्याकडेच्या देशी बदामाचे झाडही डोळ्यांसमोर येते, आणि हेझलनटला तर घरगुती नावच नाही. म्हणून माझी बहीण आता प्रत्येक ठिकाणी फळांची नावे एकेक करून उच्चारते आणि त्यापुढे विचारते, “यातले काही कशात मुरवलेले आहे का?” हा प्रश्न तिने त्या रात्री विचारलेला नव्हता. लहान उपाहारगृहांच्या मालकांनी आपल्या वाढणाऱ्या मुलांना एवढा एक प्रश्न शिकवून ठेवावा असे मला वाटते.

आपल्याकडे माझी मागणी अशी आहे की चौकटीची दुरुस्ती त्याच पुरवणीत, शक्य तर त्याच जागी छापावी, आणि पुढे अशा पेयांविषयी लिहिताना फळाचे नाव, त्याचा कोणता भाग घेतला आहे, आणि तो मद्यार्कात मुरवून कापडातून गाळला आहे की भट्टीतून, हे स्पष्ट लिहिण्याची सूचना आपल्या लेखकांना द्यावी. माझे पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर मोदेनाच्या बरण्यांचे वर्णन अवश्य वगळावे, लीबिग आणि व्होलर यांचाही उल्लेख काढला तरी चालेल. मात्र जर्दाळूच्या बिया वोडकात मुरवण्याची सूचना मागे घेत असल्याची ओळ आणि भाच्याच्या केकचा मजकूर जसाच्या तसा राहू द्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
वेंगुर्ले तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग